ताकातापुई नायक आणि माओरी अद्‌भुतकथा

[दृश्य : रोटोरुआ सरोवर, मध्ये मोकोइया बेट]

न्यूझीलंडच्या रोटोरुआ सरोवरातलं हे मोकोइया बेट. इथे तुतानेकाई बासरी वाजवायचा आणि सुरांचा माग घेत हिनेमोआ रात्री सहा पोकळ भोपळ्यांच्या आधाराने पोहत आली, ही प्रेमकथा सगळ्यांना ठाऊक असते. तिकीचं नाव मात्र फारसं निघत नाही. तिकी हा तुतानेकाईचा जिवलग, वादनातला जोडीदार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ‘ते रांगिकाहेके’ या माओरी लेखकाने ही कथा माओरीत लिहून ठेवली. तीत हिनेमोआ आल्यावर तिकी एकटा पडतो आणि तुतानेकाई त्याच्यासाठी झुरतो. तो तिकीला आपला ‘ताकातापुई’ म्हणतो, म्हणजे आपल्याच लिंगाचा जिवलग सोबती.

१९८०च्या दशकापासून क्विअर माओरींनी हेच नाव स्वतःसाठी घेतलं. त्यात न्गाहुइया ते आवेकोतुकू या विदुषीचा मोठा वाटा आहे.

माओरी परंपरेतून क्विअर अद्‌भुत कादंबरी लिहिताना पाया इथे घालावा. नायक ताकातापुई असेल, तर त्याला आधी फाकापापा, म्हणजे वंशावळ आणि मुळं, द्या : डोंगर, नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, जमात, आईवडील. घरातून तोडलेला एकाकी नायक लिहायला सोपा असतो. पण मग तिकीची परंपरा वाया जाते.

[दृश्य : माराए, म्हणजे जमातीचं सभास्थान; सभागृहाचं कोरीव प्रवेशद्वार]

आता यात खुनाचा तपास मिसळू. माओरी अंत्यविधी, म्हणजे तांगी, साधारण तीन दिवस चालतो आणि मृतदेहाला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. शवविच्छेदनासाठी पोलिसांना देह हवा, घरच्यांना तो माराएवर परत हवा. कादंबरीला वेग देणारं घड्याळ इथेच सापडतं. त्यासाठी वेगळा बॉम्ब पेरायची गरज नाही.

जादूचे नियमही इथूनच येतात. मृत्यू तापू, म्हणजे पवित्र आणि निषिद्ध, असतो, आणि शिजवलेलं अन्न तापू उतरवतं. म्हणून मृतदेहाजवळ कुणी खात नाही आणि दफनभूमीतून निघताना हातांवर पाणी घेतात. मराठी माणसाला यात सोवळं-ओवळं दिसेल, पण दोन्ही एक नव्हेत. तुमचा डिटेक्टिव्ह प्रेताशेजारी उभं राहून खात असेल, तर त्याचे परिणाम पुढच्या प्रकरणांत दिसायला हवेत. बहुतेक फसलेल्या मसुद्यांत तापू फक्त संवादात येतो, घटनेत येत नाही.

मेलेलं पात्र परत आणायचं असेल, तर गाठ मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो हिच्याशी आहे. मृत्यूच हरवावा म्हणून दंतकथांमधला वीर माउई तिच्या देहात शिरू लागला. फँटेल पक्षी हसला, ती जागी झाली आणि माउई तिथेच मेला. जिथे माउई हरला, तिथे तुमचं पात्र कसं सुटलं? कोण मध्ये पडलं, काय द्यावं लागलं? हे ठरल्याशिवाय परत येण्याचं प्रकरण लिहायला घेऊ नये.

[दृश्य : मोको असलेला चेहरा, जवळून]

सर्वात जास्त दुखावणारी चूक मोकोत, म्हणजे माओरी गोंदणात, होते. चेहऱ्यावरच्या या रेषांत वंश आणि ओळख असते. खलनायक भीषण दिसावा म्हणून कुठून तरी नक्षी उचलली, की कुणाचे तरी पूर्वज चोरले जातात. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही हे काम देण्यापूर्वीच सांगावं.

आणि दंतकथा घेताना एकाच जमातीची आवृत्ती धरावी. तुतानेकाईची कथा ते आरावा लोकांची आहे. ती वापरायची तर आधी त्यांच्याशी बोलावं, आणि मसुदा त्यांच्यातल्याच ताकातापुई वाचकाकडे छपाईच्या बऱ्याच आधी द्यावा, म्हणजे कथानक बदलायला वेळ उरतो.