मतं मोजायची की तोलायची?

पडद्यावरचा हा लेख पाहा. शीर्षक करडं पडलंय, चित्रं दिसत नाहीत, लेखकाच्या कमाईपुढे शून्य. शेजारी एक बटण आहे. ते दाबलं की झाकलेला मजकूर जसाच्या तसा समोर येतो. हा लेख कुणी काढून टाकलेला नाही. तशी सोयच इथे नाही.

हे स्टीमिट. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी २०१६ साली स्टीम या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या नोंदींच्या साखळीवर, उभं केलेलं समाजमाध्यम. दर तीन सेकंदांनी साखळीत नवा ब्लॉक जोडला जातो आणि त्यात गेलेली ओळ कायमची राहते. मग शिवीगाळीचं, चोरलेल्या लेखांचं काय करायचं? त्यावर उपाय होता डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत. सात दिवस मतं पडतात, त्यावर कमाई ठरते. डाउनव्होट पडला की कमाई उतरते, लेखकाची पतही घसरू शकते.

चोरी हुडकायला ‘चीता’ नावाचा बॉट होता. त्याची रीत मोठी सभ्य! लेखाला चक्क पसंतीचं मत द्यायचा आणि खाली लिहायचा की मी रोबोट आहे, मिळताजुळता मजकूर इथे सापडला. सोबत लिंक. चोरी की योगायोग, ते ज्याने त्याने पडताळून घ्यावं.

डाउनव्होटचं तसं नव्हतं. त्याला कारण द्यावं लागत नाही आणि मतं मोजली जात नाहीत, तोलली जातात. ज्याची स्टीम ही आभासी नाणी जास्त गुंतलेली, त्याचं मत जड. एक बडा खातेदार रुसला की शंभर लहान वाचकांची पसंती वाहून जाते. बळी तो कान पिळी, दुसरं काय! त्यात २०१९च्या ऑगस्टपर्यंत डाउनव्होट म्हणजे पदरमोड होती. तीच ताकद पसंतीला वापरली तर मोबदला मिळे, त्यामुळे सज्जन त्या वाटेला जात नसत. मग डाउनव्होटसाठी वेगळा कोटा आला.

फेब्रुवारी २०२०मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे नाण्यांचा प्रचंड साठा होता. साखळी चालवणाऱ्या ‘विटनेस’ मंडळींनी तो गोठवला. सन यांनी काही करण्याआधीच! भीती समजण्यासारखी होती. तरी याला न्याय म्हणायला जीभ रेटत नाही.

२ मार्चला पारडं फिरलं. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजांनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी सन यांच्या बाजूने विटनेस निवडायला लावली. नियम असा, की एका खात्याला तीस विटनेस निवडता येतात आणि प्रत्येकाला पूर्ण वजन मिळतं. ज्याचं पारडं जड, त्याच्याच खिशात साखळी चालवणाऱ्या वरच्या वीसही जागा. बायनान्स आणि हुओबीने नंतर मतं मागे घेतली.

२० मार्चला विरोधकांनी साखळीची प्रत काढून हाइव्ह सुरू केलं. जुने लेख, खाती, शिल्लक सगळं तिथे आलं. कंपनीचा साठा आणि सन यांच्या बाजूने मतदान केलेली काही खाती वगळून. मे महिन्यात स्टीमनेही उट्टं काढलं. ६४ खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी नव्या हार्डफोर्कने, म्हणजे साखळीचे नियमच बदलून, काढून घेतली. त्या खात्यांचे लेख मात्र साखळीवर तसेच राहिले.

हाइव्हने पुढे एक नियम केला: नव्याने गुंतवलेल्या नाण्यांना विटनेस निवडण्याचा हक्क ३० दिवसांनी मिळतो. डाउनव्होटचं कारण लिहिण्याची सक्ती तिथेही नाही.