पस्तीस नंबरची स्क्वाड्रन

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या स्क्वाड्रनबद्दल, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीबद्दल बोलणार आहे, तिच्याकडे आता एकही विमान नाही. भारतीय हवाई दलाची 35 क्रमांकाची स्क्वाड्रन, 'रेपिअर्स'. साठच्या दशकात तिचा मुक्काम आपल्या पुण्यात, लोहगावला होता आणि तिच्याकडे कॅनबेरा ही दोन जेट इंजिनांची ब्रिटिश बाँबफेकी विमानं होती.

18 डिसेंबर 1961. गोवामुक्तीच्या कारवाईचा पहिलाच दिवस. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गेली. लोहगावहून सरळ दक्षिणेला, जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. काही मिनिटांत 63,000 पौंड बाँब पडले आणि धावपट्टी उखडली गेली.

पण मला खरी थोर वाटते ती त्या वैमानिकांना दिलेली आज्ञा. धावपट्टी मोडा, विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयींना मात्र धक्का लावू नका! गोवा आपलाच होणार होता, मग आपलंच घर कशाला पाडायचं? त्या काळी वरून टाकलेला बाँब नेमका पाडणं सोपं नव्हतं, तरीही आज्ञा तंतोतंत पाळली गेली. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग आणखी आठ कॅनबेरा घेऊन गेले, तेव्हाही इमारती शाबूत राहिल्या. तळावर उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंसुद्धा बचावली. त्याच रात्री धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईनं दुरुस्त करून पोर्तुगीजांनी काही अधिकाऱ्यांची कुटुंबं त्याच विमानांतून बाहेर काढली. बायकामुलं सुखरूप गेली, याचं मला समाधान वाटतं.

पुढे 35 कडे मिग-21 आली. ती जुनी होऊन निघाली, तेव्हा स्क्वाड्रनही थांबली. हवाई दलात अशा वेळी क्रमांक मोडीत काढत नाहीत, राखून ठेवतात. गोव्याच्याच मोहिमेत हंटर विमानं घेऊन उतरलेली 17 क्रमांकाची स्क्वाड्रन अशीच थांबली होती. 2019 साली ती पुन्हा उभी राहिली आणि आज राफेल उडवते. 35 ची पाळीही यावी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एक विनंती. कॅनबेरावर काम केलेले वैमानिक, नेव्हिगेटर, मेकॅनिक यांच्यापैकी कुणी तुमच्या घरात किंवा शेजारी असतील, तर त्यांच्यापाशी बसा, त्यांना बोलतं करा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. नमस्कार.