गज, खंदक, काच

[दृश्य: फाटक उघडतं, रांग आत शिरते]

फाटक उघडलं की ही गर्दी थेट पेंग्विनकडे धावते. वाटेतल्या झाडांकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर राणीची बाग मुळात झाडांचीच. शेती आणि बागकामात रस असलेल्या मंडळींच्या एका संस्थेनं ती भायखळ्यात वसवली. १८६२ मध्ये लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांना खुली झाली आणि १८७३ मध्ये पालिकेकडे आली. जनावरं आली ती त्यानंतर.

ती का आली? लोकांनी बघावीत म्हणून. तेव्हा जगभर हेच चालायचं. व्हिएन्नाजवळ शॉनब्रुनच्या राजवाड्यात सम्राटानं १७५२ मध्ये प्राणी ठेवायला सुरुवात केली. भोवती गोलाकार कप्पे, मधोमध मंडप. राजघराणं त्या मंडपात न्याहारी करायचं आणि बसल्या जागेवरून चहूबाजूंची जनावरं दिसायची. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये अभ्यासकांसाठी उघडलं, पण वीस वर्षांच्या आत तिथंही तिकीट लावून सगळ्यांना सोडू लागले.

[दृश्य: लोखंडी गज, जवळून]

ज्यांचं बालपण पिंजऱ्यांच्या काळात गेलं, त्यांना गजांमागचा तो वाघ आठवत असेल. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, दिवसभर. पोरं म्हणायची, वाघ फिरतोय. ते फिरणं नव्हतं. कोंडलेल्या जनावराला करायला काहीच उरलं नाही, की ते अशा येरझाऱ्या घालायला लागतं.

गज हटवले ते कार्ल हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्यानं. जनावरं पकडून विकणं हा त्याचा धंदा. कुठलं जनावर किती लांब, किती उंच उडी मारतं हे त्यानं आधी तपासलं, त्या मापानं खंदक खणले आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला गज नसलेलं प्राणिसंग्रहालय उघडलं. खंदक असा बेतलेला, की समोरून तो दिसतच नाही. सिंह मोकळ्यावर उभा आहे असं वाटतं. जगानं ही कल्पना उचलली. याच माणसानं दूरदेशीची माणसं आणून त्यांचीही प्रदर्शनं भरवली होती, हेही इथेच सांगायला हवं. खंदकानं जनावराला थोडी जागा मिळाली, पण आखणी झाली ती बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

[दृश्य: काचेपलीकडे पोहणारे पेंग्विन. थोडा वेळ फक्त मुलांचा आवाज]

आणि आता काच. हे हंबोल्ट पेंग्विन. मूळ पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला. बाहेर मुंबईचा उकाडा आणि आत यंत्रांनी राखलेला गारवा, रात्रंदिवस.

[दृश्य: वाघाचं नवं दालन]

२०२० मध्ये वाघाची जोडी आली, औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून. रानातून पकडून आणायचे दिवस संपलेत. वन्यजीव कायदा १९७२ चा, १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे आणि त्याच्या मान्यतेशिवाय कुणाला प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. कागदावर पहिला उद्देश आता संवर्धन. ते होऊ शकतं, हे दार्जिलिंगनं दाखवलंय. तिथल्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले लाल पांडा २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडले गेले. भायखळ्यात वाढलेला पेंग्विन पेरूला परत जाणार नाही. म्हणून पुढचा पैसा सह्याद्रीतल्या, आपल्या माळावरच्या प्राण्यांवर खर्च व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: काचेवर थापा मारणारे हात, वाघ उठून झाडीआड जातो]

हे पाहा. वाघ उठला, आत गेला. इकडे लगेच कुरकुर, पैसे वाया गेले म्हणून. आम्ही म्हणतो, बाग सुधारली ती इथेच. त्याला नजरेआड जाता येतंय. ज्या पिंजऱ्यात जनावर सतत दिसायचं, तिथे त्याला लपायला जागाच नव्हती.

बागेत पुढचं दालन बांधाल, तेव्हा नकाशात आधी हा आडोसा आखा. काच किती लांबीची, ते त्यानंतर ठरवा.