जंताची गोळी दिली, पण जंत गेले का?

ही स्लाईड नीट बघा. चाळणीतून दाबून काढलेला शौचाचा इवलासा नमुना, जेमतेम ४१.७ मिलीग्रॅम, त्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी. मायक्रोस्कोपखाली डोळे लावून एकेक अंडं मोजत बसायचं. काटो-कॅट्झ टेस्ट म्हणतात हिला, १९७२ पासून जवळपास अशीच चालू आहे. घोळ असा की हूकवर्मची (आतड्याला चिकटून रक्त पिणारा बारीक जंत) अंडी तासाभरात ग्लिसरीनमुळे पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात, लॅबवाल्याला उशीर झाला की रिपोर्ट निगेटिव्ह!

मातीतून पसरणारे जंत जगात अंदाजे १५० कोटी लोकांच्या पोटात आहेत. गोळ्या वाटून जंत कमी झाले की अंडीही कमी पडतात, आणि नेमकं तेव्हाच ही टेस्ट चुकायला लागते, म्हणजे गोळ्या थांबवायच्या की नाही हे ठरवायची वेळ आली की हातात धड पुरावाच नसतो. म्हणून माझ्या मते रिसर्चचा पैसा आधी चांगल्या टेस्टवर लागायला हवा. पण लसीची बातमी होते, टेस्टची कोण करणार?

आता औषधं. अल्बेंडाझोलची ४०० मिलीग्रॅमची एक गोळी मोठ्या गोल जंतावर मस्त चालते, व्हिपवर्मवर (चाबकासारखा दिसणारा आतड्यातला जंत) मात्र अगदीच फुसकी, म्हणून सोबत आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं दुसरं औषध देऊन बघतायत. मेंढ्यांमधल्या जंतांनी याच जातीच्या औषधांना कधीच दाद देणं सोडलंय, माणसांमध्ये तसं व्हायला लागलंय का हे जंतांचे जीन्स सतत तपासल्याशिवाय कळणार कसं?

रिव्हर ब्लाइंडनेसचं, म्हणजे माशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या जंतामुळे आंधळं करणाऱ्या रोगाचं, दुखणं वेगळंच. आयव्हरमेक्टिनने बारीक पिल्लं मरतात, पण मोठा जंत मरत नाही, तो १०-१५ वर्षं आरामात जगतो, आणि तेवढी वर्षं गोळ्या वाटत राहायच्या! डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक जंताच्या आतल्या वोल्बाकिया बॅक्टेरियाला मारतं, त्याने मोठा जंतही हळूहळू मरतो, पण कोर्स ४ ते ६ आठवड्यांचा, गावंच्या गावं रोज गोळी घेतील का हो? हेच काम थोड्या दिवसांत करणारं औषध हवंय.

अजून एक, मातीतून पसरणाऱ्या जंतांच्या गोळ्या वाटतात मुख्यतः शाळेतल्या पोरांना. हूकवर्म तर मोठ्या माणसांतच जास्त सापडतो, मग शेतात अनवाणी राबणाऱ्यांना गोळ्या दिल्या तर मुलांना परत लागण होणं किती कमी होतं, याच्या अजून मोठ्या ट्रायल्स व्हायला हव्यात.