आधी पेलेट हातात घ्या

नमस्कार मंडळी. सुरुवात या दोन बरण्यांपासून करतो. दोन्हींत लाकडाचे पेलेट आहेत, म्हणजे कोरडा भुसा प्रचंड दाबाने बारीक छिद्रांतून ढकलून केलेल्या, स्टोव्हमध्ये जाळायच्या कांड्या. त्या दाबात भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड होताना तेच भुशाला घट्ट धरून ठेवतं.

पहिल्या बरणीतला पेलेट बघा. अंग गुळगुळीत, जराशी चकाकी. मोडला की कट्‌कन तुटतो. दुसऱ्या बरणीतला मी नुसता चिमटीत धरला, तर त्याचा चुरा झाला. आता दोन्ही पाण्यात टाकतो. चांगला तळाला गेला, दुसरा तरंगतोय. आणि तळाला गेलेल्यावरही नजर ठेवा. माझं बोलणं संपेपर्यंत त्याचा फुगून पुन्हा भुसा झालेला असेल. म्हणून पोतं कधीही थेट जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

एवढी पारख का करायची? चुलीत लाकूड ओलं निघालं तर आपण फुंकर घालतो, लाकडं मागेपुढे सरकवतो. पेलेट स्टोव्हमध्ये ते काम यंत्राकडे असतं. एक लांब स्क्रू फिरत फिरत ठरावीक जळण पुढे टाकतो आणि पंखा ठरावीक हवा ओढतो. हा सगळा हिशेब कोरड्या, एकसारख्या पेलेटवर बेतलेला असतो. जळण बदललं की हिशेब चुकतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. नीट वाळवलेल्या सरपणात ते १५ ते २० टक्क्यांवर येतं. आयएसओ १७२२५-२ या मानकाच्या ए१ प्रतीत पेलेटचा ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्याच्या आत असावी लागते. जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर. तुमच्या स्टोव्हला कोणती चालते ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. राखेचा तो आकडा किरकोळ समजू नका. १५ किलोच्या पोत्यातून ०.७ टक्क्याने १०५ ग्रॅम राख पडते, ३ टक्क्यांनी ४५० ग्रॅम. शिवाय साल किंवा पेंढा मिसळलेला असेल तर त्यातलं पोटॅशियम आणि सिलिका यांमुळे राख लवकर वितळते आणि जाळाच्या भांड्यात दगडासारखी थिजते.

हे मी घरी भोगलं आहे. एका हिवाळ्यात स्वस्त मिळाली म्हणून पोती घेतली. चौथ्या दिवशी ज्योत लांब, नारिंगी आणि सुस्त झाली, काच काळी पडली. भांड्याच्या तळाची छिद्रं राखेच्या खड्यांनी बुजली होती. स्टोव्ह विझला, मी पुन्हा बटण दाबलं. आत न पेटलेल्या पेलेटचा ढीग होता. त्यातून पांढरा दाट धूर साठत गेला आणि अचानक भडका उडून दार हादरलं. काच फुटली नाही, हे नशीब. तेव्हापासून माझा नियम असा: पेटला नाही तर स्टोव्ह गार होऊ द्यायचा, भांडं पूर्ण रिकामं करायचं, छिद्रं मोकळी करायची, मगच बटण. आतून काढलेले पेलेट पुन्हा हॉपरमध्ये, म्हणजे स्टोव्हच्या जळण भरायच्या टाकीत, टाकायचे नाहीत, त्यांत ठिणगी दडलेली असू शकते. पेटवायला रॉकेल किंवा स्पिरिट तर कधीच नाही.

रंगवलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक, जनावरांखाली अंथरायचे पेलेट, यांतलं काहीही नको.

बंद करतानाही घाई नको. प्लग ओढला की पंखा थांबतो, पण निखारे जळतच असतात आणि धूर घरात येऊ शकतो. बंद करण्याचं बटण दाबा आणि पंखा आपणहून थांबेपर्यंत वाट पाहा. मध्येच वीज गेली तर स्टोव्हचं दार उघडू नका, खिडक्या उघडा. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरा आणि बादली घराबाहेर, न जळणाऱ्या जागी ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता ती. पेलेट न जळताही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. लाकडातली तेलं हवेशी संयोग पावतात, त्यातून हा वायू निघतो. ताज्या मालात जास्त. चार पोत्यांचा प्रश्न नाही. पण टनावारी माल भरलेल्या बंद कोठारात शिरून माणसं मेली आहेत. वायूला रंग नाही, वास नाही. तेव्हा स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. कोठाराला झरोके हवेत. आत जाण्याआधी दार सताड उघडून हवा खेळू द्या, मीटरने वायू तपासा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा. आत कुणी पडलेलं दिसलं तर त्या बाहेरच्या माणसाने आत धावायचं नाही. दार उघडं ठेवायचं आणि श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाला ताबडतोब बोलवायचं.