शंभर पौंड भरून वीज-गॅसची कंपनी बदलावी का?

मंडळी, महाराष्ट्रात आपल्यापैकी बहुतेकांना लाईटबिल कुणाचं भरायचं हे कुणी कधी विचारलंच नाही. इथे ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीला घरगुती गॅस आणि विजेचा बाजार सगळ्यांना खुला झाला आणि निवड करणं आपल्या गळ्यात पडलं. ती करताना दोन प्रकारची माणसं दिसतात. एकाला एक्झिट फी, म्हणजे करार मुदतीआधी सोडला तर भरायचे पैसे, हे शब्द दिसले की तो लॅपटॉप मिटवतो. दुसऱ्याला ‘वर्षाला इतके पौंड वाचवा’ दिसलं की तो लगेच अर्ज भरून मोकळा होतो. हिशेब दोघांनीही केलेला नसतो. आज तो करू.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तुम्ही कंपनीच्या साध्या व्हेरिएबल टॅरिफवर असाल, म्हणजे जिथे दर ऑफजेम ह्या ऊर्जा नियामक संस्थेच्या प्राइस कॅपबरोबर (तिने ठरवलेल्या कमाल दराबरोबर) दर तीन महिन्यांनी हलतात, तर एक्झिट फी नसते. तुमचा प्रश्न फक्त ‘कुठे स्वस्त आहे’ एवढाच. आणि कॅप म्हणजे बिलाची कमाल मर्यादा, हा गैरसमज अजूनही इतका पक्का आहे की सांगायलाच हवं: कॅप युनिटच्या (किलोवॅट-तासाच्या) दरावर आणि स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणाऱ्या ठरावीक आकारावर असते. जास्त जाळाल तर जास्त भराल. बातमीत येतो तो आकडा एका ठरावीक घराचा. २०२३च्या ऑक्टोबरपासून त्यासाठी वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस धरला गेला. तुमचं घर तसं असेलच असं नाही.

एक्झिट फीचा प्रश्न येतो तो फिक्स्ड करारात. ही फी का असते? तुम्ही वर्षभराचा दर बांधून घेता तेव्हा कंपनी तुमच्या वाटची वीज आणि गॅस घाऊक बाजारात आगाऊ घेऊन ठेवते, घरात वर्षाची बेगमी करावी तशी. भाव पडले आणि तुम्ही निघून गेलात तर तो महागाचा साठा तिच्या अंगावर पडतो. म्हणून फी. तिला दंड समजून कुढण्यात अर्थ नाही आणि ती भरल्याचा अपमान वाटून घेण्यातही नाही. तुम्ही सही करताना एक सवलत घेतली होती, तिचं हे उरलेलं बिल आहे. मात्र एक बघा: फी बहुतेक वेळा प्रत्येक इंधनाची वेगळी असते. कागदावर ५० पौंड लिहिलं असेल तर वीज आणि गॅस मिळून १०० होतात. बरेच लोक इथेच फसतात.

आता मुख्य मुद्दा. ऑफजेमच्या नियमानुसार फिक्स्ड करार संपण्याआधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत कंपनीला एक्झिट फी लावता येत नाही. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. १०० पौंड भरून तुम्ही काय विकत घेता? वर्षभराची बचत नाही. आजपासून त्या ४९ दिवसांच्या खिडकीपर्यंतची बचत, तेवढीच. त्यानंतर तर तुम्ही फुकट जाऊ शकत होता.

उदाहरण घेऊ, दर कल्पित आहेत. आज १ ऑक्टोबर आहे आणि तुमचा करार ३१ मार्चला संपतो. विजेचा दर २७ पेन्स, नव्या कंपनीचा २५. गॅसचा साडेसहा, नव्या कंपनीचा ५.८. स्टँडिंग चार्ज सारखाच. वर सांगितलेल्या त्या ठरावीक घराला वर्षाला विजेत ५४ पौंड आणि गॅसमध्ये सुमारे ८० पौंड वाचतात, एकूण १३४. १०० फी वजा केली तरी ३४ पौंड फायदा. झालं, बदला!

थांबा. तुमची खिडकी १० फेब्रुवारीच्या सुमाराला उघडते. तोवर वर्षाचा साधारण ५५ टक्के गॅस आणि ४० टक्के वीज वापरली जाईल, कारण हीटिंग थंडीतच चालतं. म्हणजे गॅसमध्ये ४४ पौंड आणि विजेत २१-२२, मिळून ६६. फी १००. ३४ पौंड फायदा दिसत होता, तिथे ३४ पौंड तोटा निघाला. हाच करार सप्टेंबरअखेर संपणारा असता आणि आज १ एप्रिल असती, तर चित्र आणखी वाईट दिसलं असतं. उन्हाळ्यात गॅस जळतोच कुठे? म्हणून ‘किती महिने उरले’ हा प्रश्न अपुरा आहे. किती युनिट उरले ते मोजा. मागच्या वर्षाची बिलं किंवा स्मार्ट मीटरचे महिनावार आकडे हाताशी असले की अर्ध्या तासाचं काम आहे.

वेबसाइटवर दिसणारी बचत ह्याहून मोठी का असते? अनेक तुलनांमध्ये असं धरलेलं असतं की तुमचा करार संपल्यावर तुम्ही काहीच न करता व्हेरिएबलवर जाल आणि उरलेलं वर्ष तिथेच राहाल. करार तीन महिन्यांत संपणार असेल तर त्या ‘वार्षिक बचती’तले नऊ महिने तुम्ही कधीच करणार नाही अशा आळसाचे असतात. हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमचा नसतो.

स्टँडिंग चार्जबद्दल थोडक्यात: दिवसाला १० पेन्स जास्त म्हणजे वर्षाला साडेछत्तीस पौंड. एकट्यादुकट्याच्या फ्लॅटमध्ये युनिटचा स्वस्त दर तेवढ्यात धुऊन निघतो. आणि दर विभागागणिक बदलतात, तेव्हा लीड्समधल्या मित्राचा दर ब्राइटनच्या घराला लावू नका.

फी इंधनागणिक असते ह्याचा एक फायदाही आहे. दोन्ही एकाच वेळी सोडायची सक्ती नसते. जुनं, मोठं घर असेल आणि वर्षाला २२,००० युनिट गॅस जळत असेल, तर आपल्याच उदाहरणात गॅसमधली बचत फेब्रुवारीपर्यंत ८५ पौंडांच्या घरात जाते. ५० भरून फक्त गॅस हलवा, वीज राहू द्या. काही टॅरिफ दोन्ही एकत्र घेतल्याशिवाय मिळत नाहीत, तेवढं तपासा. त्याआधी स्वतःच्या कंपनीला फोन करा. त्यांच्याच स्वस्त टॅरिफवर जायचं असेल तर काही कंपन्या फी माफ करतात.

आता तुम्ही म्हणाल, फेब्रुवारीपर्यंत थांबलो आणि भाव चढले तर? रास्त आहे. २०२३च्या जानेवारीत कॅपचा वार्षिक आकडा ४,२७९ पौंड होता, जुलैत २,०७४. म्हणजे सहा महिन्यांत काय होऊ शकतं ते आपण पाहिलंय, आणि ते दोन्ही दिशांना होऊ शकतं. आपल्या उदाहरणातले ३४ पौंड देऊन पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचा दर बांधून झोप येत असेल तर जरूर द्या. पण त्याला विमा म्हणा, बचत म्हणू नका. माझं मत विचाराल तर नोकरी डळमळीत असलेल्या किंवा घरात तान्हं मूल असलेल्या माणसाने असा विमा घ्यावा, बाकीच्यांनी थांबावं. आणि नव्या करारातली एक्झिट फी आधी वाचा. फी नसलेला फिक्स किंचित महाग असला तरी मला तो आवडतो, कारण भाव पडले तर दार उघडं राहतं.

भाड्याच्या घरात असाल आणि बिल तुम्हीच भरत असाल तर कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. बदलताना वीज जात नाही, कुणी रस्ता खणत नाही. तारा आणि पाइप तेच राहतात. अर्ज केल्यावर १४ दिवसांत विचार बदलता येतो. ज्या दिवशी बदल होईल त्या दिवशी स्मार्ट मीटर असला तरी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं असतं आणि तुमचे पैसे तिच्याकडे शिल्लक असतील तर त्यानंतर कामाच्या दहा दिवसांत परत करायचे असतात. एक्झिट फी ह्याच शेवटच्या बिलात येते. तारीख त्या ४९ दिवसांच्या आत पडत असूनही ती लागली असेल, तर तक्रार करा.