मेलो रे!

नमस्कार श्रोतेहो.

शेजारच्या खोलीतून ओरडा येतो, "मेलो!" घरात कुणी जागचं हलत नाही. दादा पेपरातून डोकं वर काढत नाही, वहिनीचा फोन चालूच राहतो. दोन सेकंद जातात आणि पुन्हा, "शी! परत मेलो!" माझा भाचा दहा वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत व्हिडिओ गेममध्ये त्याचं पंधरावीस वेळा मरून झालेलं असतं.

आज याच मरणाबद्दल बोलायचंय. बिचकू नका, विषय वाटतो तेवढा जड नाही. गेम, पुस्तकं, कॉमिक्स आणि सिनेमा या चौघांवर माझा सारखाच जीव आहे. त्यांच्यात थोर कोण, यावर मी पूर्वी तावातावाने भांडायचे. आता वय झालं म्हणा, पण हल्ली मी एवढंच बघते की यातला कोण मरण कसं हाताळतो. त्यातून ज्याची त्याची जात कळते.

भाच्याचं ते वाक्य पुन्हा ऐका. "मेलो." प्रथमपुरुषी, एकवचनी. पुस्तक वाचताना आपण असं कधी म्हणत नाही. तिथे "तो मेला" किंवा "ती गेली". टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मृत्यूवरची कथा आहे, 1886 मधली. तिच्या सुरुवातीलाच त्याचे सहकारी त्याच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात वाचतात. प्रत्येकाच्या मनात आधी काय येतं? आता त्याच्या जागी कुणाची बदली होणार, आपली बढती कुठे लागणार. आणि मागोमाग सुटकेचा निःश्वास: मेला तो, मी नाही. वाचक म्हणून आपणही त्याच बाकावर बसलेले असतो. पुढची पानं टॉलस्टॉय आपल्याला तिथून उठवून त्या आजारी माणसाच्या अंथरुणाशी नेतो, आणि जवळजवळ त्याच्या कुशीवर निजवतो. जवळजवळच. तो "मी" कितीही जवळ आला तरी उसनाच असतो. पुस्तक मिटलं की परत करता येतो.

गेममधला "मी" मात्र उसना नसतो, कारण चूक आपली असते. उडी अर्धा क्षण आधी मारली ती आपल्या अंगठ्याने. लेखकाला बोल लावायची सोय नाही.

माझी सुरुवात काँट्रा या गेमपासून झाली. ज्यांनी खेळलाय त्यांची बोटं आत्ता नुसत्या नावाने वळवळली असतील. गोळीचा एक स्पर्श झाला की खेळ खलास, आणि जीव फक्त तीन. पण एक गुरुकिल्ली होती. सुरुवातीचा पडदा आला की वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, मग बी आणि ए ही बटणं. तिनाचे तीस जीव व्हायचे. ही किल्ली मुळात काँट्रासाठी केलेलीच नव्हती. 1986 मध्ये कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो हे ग्रेडियस नावाचा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळावा लागायचा, आणि तो इतका अवघड होता की त्यांना स्वतःलाच जमेना. मग त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली, आणि ती विकलेल्या गेममध्ये तशीच राहून गेली. करणाऱ्यालाच मरायचा कंटाळा आला होता, यात मला फार दिलासा वाटतो.

तीस जीव मिळाले की माणूस कसा वागतो, ते सांगते. पहिले वीस तो उधळतो. बेफिकीर धावतो, मुद्दाम खड्ड्यात उडी मारून बघतो. मेलं कोंबडं आगीला भीत नाही, तसं. दहा उरले की चाल मंदावते. तीन उरले की पाठ ताठ होते, खोलीतल्यांना "गप्प बसा रे" म्हणून दटावणं सुरू होतं. तीच बंदूक, तेच शत्रू, फक्त आकडा खाली आलेला.

त्यात एक धबधब्याचा टप्पा होता. खालून वर चढत जायचं. दोघं खेळत असलात आणि एकजण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा, आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेवरून पडून मरायचा. तिथे खडक होता, आत्ता आत्ता आपण त्याच्यावर उभे होतो, पण दिसेनासा झाला म्हणजे नाहीसाच झाला. दादाने मला त्या धबधब्यात किती वेळा मारलं त्याची गणती नाही. दरवेळी म्हणायचा, "मी कुठे मारलं? तूच मागे राहिलीस." हे वाक्य त्याला अजून सुनवायचं आहे.

नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर तर मरण हाच धंदा होता. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये तुमच्या तीन तोफा. त्या गेल्या की नवं नाणं. तुम्ही मेला नाहीत तर मालकाचं पोट कसं भरणार? तीन जिवांचा हा हिशोब मग घरातल्या गेममध्येही आला, जिथे नाणं टाकायला खाचच नव्हती.

कॉमिक्सकडे वळते, कारण तिथली गंमत वेगळी आहे. सुपरहिरोंच्या मरणावर तिथे कुणाचा विश्वास नसतो. 1992 च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. केवढा गाजावाजा झाला! तो अंक काळ्या पिशवीत घालून विकला, वर रक्त ओघळणारं त्याचं चिन्ह, आत दंडाला बांधायची काळी फीत. पुढच्याच वर्षी स्वारी परत हजर. एवढं असूनही त्या मरणातली एक कारागिरी मला मनापासून आवडते. मरणाच्या अंकाआधीच्या अंकांत एका पानावर चार चौकटी होत्या. पुढच्यात तीन, मग दोन. आणि शेवटच्या अंकात पानभर एकच चौकट. कुणी काही बोलून दाखवत नाही, पण वाचता वाचता जीव घुसमटत जातो. सिनेमात हे करायला संगीत लागलं असतं.

स्पायडरमॅनच्या ग्वेन स्टेसीचं मरण मात्र खरं होतं. 1973 सालचा अंक, गिल केनची चित्रं. खलनायक तिला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन वरून जाळं फेकतो आणि तिचा पाय नेमका पकडतो. चौकट बघून आपण सुस्कारा सोडतो. मग लक्ष जातं: तिच्या मानेपाशी, अगदी बारक्या अक्षरांत, एकच शब्द छापलाय. स्नॅप, म्हणजे कटकन मोडल्याचा आवाज. घाईत वाचलंत तर दिसणारही नाही. म्हणजे तिला पडण्याने मारलं, की वाचवणाऱ्याने दिलेल्या हिसक्याने? तो बिचारा अजून वर आनंदात बडबडतोय, आपण किती हुशार म्हणून. त्याच्याआधी वाचकाला कळलेलं असतं. आणि तुम्ही पान उलटत नाही. डोळे एक चौकट मागे नेता. तिथे ती अजून जिवंत आहे. दोन चौकटींच्या मध्ये बोटभरसुद्धा नाही एवढी पांढरी पट्टी. अलीकडे जिवंत, पलीकडे नाही, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. ही सोय ना सिनेमाला आहे ना गेमला.

सिनेमाला मागे फिरता येत नाही, निदान थिएटरात तरी. म्हणून त्याच्याकडे धक्का असतो. हिचकॉकच्या 1960 च्या सायकोत जी नायिका आहे असं आपण धरून चालतो, ती सिनेमा निम्म्यावर यायच्या आत न्हाणीघरात मारली जाते. त्या पाऊण मिनिटाच्या प्रसंगाचं चित्रीकरण सात दिवस चाललं होतं. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा दंडक होता. बरोबरच आहे. उशिरा आलेला माणूस तासभर विचारत बसला असता, नायिका कधी येणार म्हणून.

आता माझं एक हट्टी मत. गेमवरून काढलेले सिनेमे गेमसारखे वाटत नाहीत. 1993 मध्ये मारिओवर सिनेमा आला, तो आपटला. 2023 चा ऍनिमेशनवाला तुफान चालला, मीही खदखदून हसले, पण पोटात गोळा एकदाही आला नाही. खरे गेमसारखे सिनेमे ते, ज्यांच्या नावात गेम नाही. जर्मन सिनेमा रन लोला रन, 1998 चा. लोला धावते, डाव हुकतो, पुन्हा पहिल्यापासून धावते. असं तीनदा. किंवा 2014 चा एज ऑफ टुमॉरो. सैनिक मरतो, त्याच दिवशी पुन्हा जागा होतो, आणि प्रत्येक मरणातून एकेक पाऊल पाठ करतो. त्याची मूळ कादंबरी जपानी, हिरोशी साकुराझाका यांची, 2004 ची, आणि तिची कल्पना गेम पुन्हा पुन्हा खेळण्यातूनच आलेली. गेममधून पुस्तक, पुस्तकातून सिनेमा. तरी प्रेक्षकात बसलेली मी म्हणते काय? "मेला बघ परत." तो. मी नाही. त्याची शेकडो मरणं सिनेमा भराभर कापून हसवत उरकतो. भाच्याला मात्र एकेक मरण स्वतःच्या बोटांनी मरावं लागतं.

उलटं उदाहरणही आहे. फायनल फँटसी सात हा 1997 चा गेम. त्यात लढताना कुणी कोसळलं तर फिनिक्स पक्ष्याचं पीस वापरायचं, की माणूस उठून उभा. खेळणारे हे शेकडो वेळा करतात. आणि मग एअरिथ नावाची मुलगी, जिला तुम्ही तासन्‌तास सांभाळलंत, तुमच्या डोळ्यांदेखत तलवारीने मारली जाते. पीस खिशात आहे, पण वापरता येत नाही. लगेच समोर राक्षस उभा राहतो, लढाई सुरू होते, पण लढाईचं नेहमीचं संगीत वाजत नाही. तिचीच संथ धून वाजत राहते, आणि तुम्ही ती ऐकत बटणं दाबत असता. तिला परत आणायची काहीतरी युक्ती असणारच, अशा वावड्या पुढे कितीतरी वर्षं उठत राहिल्या. पुस्तकांतही हे झालंय. कॉनन डॉयलने 1893 मध्ये होम्सला धबधब्यात संपवलं आणि दहा वर्षांनी वाचकांपुढे त्याला परत उभं केलं. एअरिथला मात्र त्या गेममध्ये कुणी उठवू शकलं नाही. हजार वेळा "मेलो" म्हणणाऱ्यांना त्या गेमने एकदा "ती गेली" म्हणायला लावलं.

परवा भाच्याला हाक आली. त्याला उठायला हवं होतं आणि लढाई ऐन रंगात होती. सकाळपासून "मेलो, मेलो" चाललं होतं. पडद्यावरच्या त्या चिमुकल्या सैनिकाकडे त्याने एकदा पाहिलं, कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि दारातून वळून म्हणाला, "आत्या, याला मारू नकोस हं."